वाट उघडण्याआधी ती बंद कोण करणार, ते ठरवा

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की धामणगाव गढी मागे पडते न पडते तोच घाटात गाड्यांची रांग लागते. धबधब्यापाशी जागा नसते, म्हणून गाडी वळणावरच उभी केलेली असते आणि मागचे हॉर्न वाजवत बसतात. पायथ्याच्या गावांच्या वाट्याला या पर्यटनातून काय येतं? धूर, गोंगाट, आणि सोमवारी गोळा करायला प्लास्टिकच्या बाटल्या. पैसा गाडीत बसून वर जातो आणि गाडीत बसूनच खाली येतो. मधल्या गावात तो उतरत नाही, कारण मधल्या गावात कोणी थांबतच नाही.

म्हणून अचलपूर-परतवाड्याकडच्या सायकलवाल्या पोरांचं म्हणणं मला पटतं. त्यांना डांबरी रस्ता सोडून रानातून, शेतातून, टेकडीच्या कडेने जाणाऱ्या माउंटन बायकिंगच्या वाटा हव्या आहेत. जाड टायर, पुढे शॉकअप, दगडगोट्यांतून जाऊ शकणारी सायकल आता अमरावतीच्या दुकानातही मिळते. या खेळाला इंजिन नाही, आवाज नाही, वळणावर लावायला गाडी नाही. सायकलवाल्याला तहान लागते, भूक लागते, पंक्चर होतं, म्हणजे तो गावात थांबतोच. मी या मागणीच्या बाजूचा आहे. पण एका अटीवर, आणि ती अट मान्य नसेल तर मी उघड विरोधात उभा राहीन. वाट कोण बांधणार, पैसे कोण देणार, उद्घाटनाला कोण येणार हे नंतर पाहू. ती वाट बंद करायचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलं पाहिजे.

सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं अचलपूर म्हणजे वऱ्हाडची जुनी राजधानी. १४९० ते १५७४ या काळात इमादशाहीचा कारभार इथून चालला. परकोट, दुल्हा दरवाजा, गावाबाहेरचा हौज कटोरा हे सगळं आजही उभं आहे, कुठे नीट तर कुठे पडझड होऊन. पायथ्याचा सपाट मुलूख पयानघाट आणि वरचा डोंगराळ मेळघाट. राजधानीचा गड वर गाविलगडावर आणि बाजार खाली अचलपुरात, असा हा जोडलेला प्रदेश. या दोन मुलखांना जोडणाऱ्या वाटा कोणा पर्यटन खात्याने आखलेल्या नाहीत. गवळ्यांच्या ढोरांनी, कोरकू बायांच्या डोक्यावरच्या मोळ्यांनी, बाजाराला जाणाऱ्या माणसांनी त्या घडवल्या. नोव्हेंबर १८०३ च्या अखेरीस अडगावची लढाई जिंकून आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज डिसेंबरमध्ये गाविलगडावर चालून आली, तेव्हा कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीला गडाच्या उत्तर अंगाला पोचण्यासाठी जड तोफा ओढत, रस्ता करत, डोंगरातून कित्येक दिवस फिरून जावं लागलं. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग तिथेच मारला गेला. इतिहासात तोफा उरल्या आणि इंग्रजाचं नाव उरलं. या रानात वाट कुठून निघते आणि पाणी कुठे मिळतं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांची नावं कुठल्याच कागदावर नाहीत. आता सायकलीच्या वाटा होताना तेच पुन्हा घडू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

अचलपूरच्या उंचीपासून चिखलदऱ्याच्या पठारापर्यंत सातशे मीटरहून अधिक चढ आहे. खेळाच्या दृष्टीने हे घबाड आहे, पण म्हणून सगळ्यांची नजर थेट वरच्या जंगलाकडे जाते आणि खालचं कोणी पाहत नाही. खाली काय आहे? शेतांमधून जाणारे पांदण रस्ते आहेत, गावाच्या ई-क्लासच्या (सरकारी, चराईच्या) पडीक जमिनी आहेत, सागाच्या विरळ रोपवनांच्या कडा आहेत, नाल्याकाठचे बैलगाडीचे जुने माग आहेत आणि डोंगराच्या पायाशी मुरमाड, बरड टेकड्या आहेत. नवशिक्याला, शाळकरी पोराला, चाळिशीतल्या हौशी माणसाला लागतं ते सगळं इथे आहे. बरड जमिनीवर पाऊस पडून दोन दिवसांत वाट कोरडी होते. काळ्या मातीत मात्र जुलै ते ऑक्टोबर सायकल घालूच नये. तो गारा टायरला लागला की चाक आणि फोर्क यांच्यामध्ये गोळा बसतो, चाक फिरायचं थांबतं, माणूस सायकल खांद्यावर घेतो आणि चिखल चुकवायला शेजारच्या तुरीत शिरतो. शेतकऱ्याचं भांडण तिथूनच सुरू होणार आहे. पांदण ही आधीच भांडणाची जागा आहे. दोन्ही बाजूंनी शेतांचे धुरे (बांध) सरकत सरकत कित्येक पांदणी बैलगाडीपुरत्याही उरलेल्या नाहीत. सायकलच्या निमित्ताने त्या मोकळ्या झाल्या तर शेतकऱ्याचा बैल आणि ट्रॅक्टरही त्यातून जाईल. माझ्या मते या सगळ्या योजनेतला हा सर्वात मोठा लोकांचा फायदा आहे, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

सायकलने जंगलाची नासधूस होते, असा एक आक्षेप घेतला जातो. वाट नीट आखलेली असेल तर सायकलच्या चाकाने होणारी झीज पायी चालणाऱ्याच्या बुटाने होणाऱ्या झिजेपेक्षा फार वेगळी नसते. घोडा आणि मोटारसायकल यांनी होणारं नुकसान त्याहून बरंच जास्त असतं. वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. उतारावरून सरळ खाली उतरणारी वाट एका पावसाळ्यात नाला होते, मग तिच्यावरून कोणी जावो न जावो. म्हणून जगभरातले वाटा बांधणारे एक साधा हिशोब पाळतात: वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असावा, वाट किंचित बाहेरच्या अंगाला कलती ठेवावी आणि ठिकठिकाणी तिला हलका खोलगट झोल द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता आडवं निघून जातं. हे ऐकून आपल्याकडे लगेच कन्सल्टंट शोधायला निघतात. अमरावती जिल्ह्यातल्या किती गावांनी सलग समतल चर खणले आहेत, हे जरा आठवावं. जलसंधारणाच्या कामांसाठीच्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत जे तीन तालुके होते, त्यांत वरूड होता. ए-फ्रेम किंवा हायड्रोमार्कर घेऊन टेकडीवर समतल रेषा मारणारे पोरं-पोरी या जिल्ह्यात आहेत. पाणी अडवायला जी रेषा मारायची तीच थोडी कलती केली की सायकलीची वाट होते. कौशल्य गावात आहे. टेंडरमध्ये ते दिसत नाही, एवढंच.

टेंडरचं काय होतं तेही पाहून ठेवावं. निधी आला की पेव्हर ब्लॉक येतात, मग स्टीलचं रेलिंग, मग सिमेंटचा वाघ, मग लाल बदामासकट गावाच्या नावाची मोठी अक्षरं आणि सेल्फी पॉइंट. शहरांमधल्या सायकल ट्रॅकवर चहाच्या टपऱ्या आणि मोटारी उभ्या आहेत. तो ट्रॅक उचलून रानात आणून टाकायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. मातीची वाट एवढी स्वस्त असते की तिच्यात कोणाचंच बिल निघत नाही, आणि मला वाटतं, ती होत नाही याचं निम्मं कारण हेच आहे.

आता वरच्या जंगलाबद्दल. मेळघाट हा १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. इथे, म्हणजे गाभा क्षेत्रात, सायकलीच्या वाटा अजिबात नकोत, आणि यावर मला घासाघीस करायची इच्छा नाही. पहिलं कारण जिवाचं. माउंटन बाइक आवाज न करता येते, वेगात येते आणि वळणावर अचानक समोर येते. अस्वलाला नेमकं हेच चालत नाही. आपल्याकडच्या अस्वलांचे हल्ले बहुतेक वेळा जवळून दचकल्यामुळेच होतात. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात २०१६ साली एक सायकलस्वार आंधळ्या वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि मारला गेला. आणि सायकलस्वार वाचला तरी पुढचा प्रश्न आपल्याकडे जास्त गंभीर असतो. माणसावर हल्ला झाला की जनावर 'समस्याग्रस्त' ठरतं, त्याला पकडा अशी मागणी होते, आणि त्याचा ताण पुन्हा जंगलालगतच्या गावांवरच पडतो. वाकून हँडल धरलेला, झपाट्याने पळणारा माणूस बिबट्याला आणि वाघाला कसा दिसत असेल, याचा विचार शौकिनांनी स्वतःच करावा.

दुसरं कारण न्यायाचं. बोरी, कोहा, कुंड ही गावं वाघासाठी गाभ्यातून उठवली गेली. ज्यांच्या पिढ्या तिथे गेल्या त्यांनी बाहेर जायचं आणि ज्यांना शनिवार-रविवारची मजा हवी त्यांनी आत यायचं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सायकलवाले यावर म्हणतात की सफारीची जिप्सी चालते मग सायकल का नाही. प्रश्न बिनतोड आहे. इंजिनाची गाडी आत आणि पायाने चालणारं यंत्र बाहेर, हे विचित्रच आहे. पण त्याचं उत्तर जिप्सी कमी करण्यात आहे, सायकली वाढवण्यात नाही.

हा खेळ जिथे जन्मला तिथलीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात, माउंट टमॅल्पाइसच्या उतारांवर काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत तो खेळ पोचला. पण त्याच मरीनमध्ये पायी फिरणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांच्यात एवढं पेटलं की अरुंद पायवाटांवर बहुतेक ठिकाणी सायकलींना मनाई झाली, आणि ते भांडण दशकानुदशकं चाललं. याचा अर्थ असा की वाटेचा नियम आधी न ठरवता खेळ सुरू झाला तर ज्याला जागा हवी आहे तोच ती गमावून बसतो.

ऐतिहासिक गाव आणि सायकलीच्या वाटा यांचं उदाहरण देताना स्पेनमधल्या ऐन्साचं नाव घेतलं जातं. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचं मध्ययुगीन दगडी गाव, आणि भोवती खेचरांच्या, मेंढपाळांच्या जुन्या वाटा. विसाव्या शतकात माणसं शहरांकडे गेली, वाटा झुडपांखाली बुजल्या. स्थानिक लोकांनी त्या साफ केल्या, 'झोना झीरो' नावाने सायकलींसाठी खुल्या केल्या आणि २०१५ साली तिथे एन्ड्युरो वर्ल्ड सीरीज या माउंटन बायकिंगच्या जागतिक स्पर्धामालिकेची फेरी झाली. ऐकायला छान वाटतं, पण ते जसंच्या तसं इथे आणून ठेवता येत नाही. ऐन्साच्या वाटा माणसं गेल्यामुळे रिकाम्या होत्या. आपल्या वाटांवर आजही वर्दळ आहे. पहाटे मोह वेचायला निघालेल्या बाया आहेत, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे गठ्ठे आहेत, ढोरकी आणि त्याची पन्नास गुरं आहेत, सरपण आहे. एका ढोरक्याने मला सरळ विचारलं, "गाडीवाले झाले, आता सायकलवाले येतीन, मंग ढोरं चारायचे कुठं, तेवढं सांगा." या प्रश्नाचं उत्तर प्रकल्प अहवालात नसेल तर तो अहवाल फाडून टाकावा.

आणि म्हणूनच मी बंद करण्याच्या अधिकारावर अडून बसलो आहे. इथल्या वर्षाचा हिशोब मांडून पाहा. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि चिखल. सप्टेंबरअखेरपासून सीताफळ, ते झाडावर असताना अनोळखी माणसांनी पाठीवर पिशव्या लावून रानातून हिंडणं कोणालाच परवडणारं नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून वनखात्याचा वणव्याचा हंगाम, जाळरेषांची कामं, त्यातच मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि मग तेंदू. म्हणजे जंगलालगतच्या वाटांसाठी नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जेमतेम अडीच-तीन महिने उरतात. पांदणी आणि ई-क्लासच्या टेकड्या थोड्या जास्त काळ चालतील. ज्याने पैसे गुंतवले आहेत असा कंत्राटदार अडीच महिन्यांवर समाधानी राहील का? तो मार्चमध्येही सायकली सोडणार, भर पावसात 'मान्सून राइड' काढणार. त्याचा दोष नाही, कर्जाचा हप्ता बारा महिने असतो. वाट त्याच्याच हातात द्यावी ज्याचं पोट तिच्यावर अवलंबून नाही, पण जंगलावर आहे.

असा हात कायद्याने आधीच तयार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार, सामूहिक वनसंपत्तीत कोणी कसं यायचं याचं नियमन करण्याचे आणि वन्यप्राणी, जंगल, जैवविविधता यांना बाधक गोष्टी थांबवण्याचे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील, हे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. 'कोणी कसं यायचं' यात 'कधी यायचं नाही' हेही येतंच. अचलपूरच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी पायविहीर आहे. आसपास उपातखेडा, खतिजापूर, नायाखेडा. पायविहीरला २०१२ मध्ये जवळपास दोनशे हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी चराई आवरली, आग रोखली, झाडं लावली, सीताफळ थेट मुंबईच्या बाजारात नेलं, आणि २०१४ मध्ये त्या गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा भारतातला जैवविविधता पुरस्कार मिळाला. स्वतःची गुरं स्वतःच्या जंगलात जाऊ न देण्याचा निर्णय ज्या गावाने घेतला आणि पाळला, त्याला परक्या सायकली थांबवणं जड जाणार नाही. अशा गावांनी सायकलीची वाट हवी असं म्हटलंच पाहिजे असा माझा बिलकूल आग्रह नाही. त्यांनी ठराव करून 'नको' म्हटलं तर विषय तिथे संपला, आणि तोही कायद्याचाच निकाल.

याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता यांसारख्या १३ सोयींसाठी एक हेक्टरच्या आत, मर्यादित झाडं तोडून जंगलजमीन वापरायची तरतूद आहे. त्या यादीत सायकलीची वाट नाही, आणि ती नाही हे बरंच आहे. एकही झाड न तोडता, आहेत त्याच पायवाटा आणि गाडीमाग दुरुस्त करून जेवढं होईल तेवढंच करावं. गाविलगडाच्या आत सायकल नकोच. तो संरक्षित किल्ला आहे आणि त्याच्या बुरुजांवर टायरचे माग उमटवण्यात कसला पुरुषार्थ आहे कोण जाणे. उलट फेरीची सुरुवात अचलपूर शहरातून व्हावी असं मला वाटतं. चिखलदऱ्याला जाणारा माणूस अचलपूर बाजूला ठेवूनच जातो. दुल्हा दरवाजातून निघून, हौज कटोऱ्याला वळसा घालून, पांदणीने पायथ्याच्या गावांकडे जाणारी वाट केली तर आपली जुनी राजधानी निदान सायकलच्या वेगाने तरी लोकांच्या नजरेत येईल.

राहिला श्रीमंतांच्या खेळाचा आक्षेप. तो खरा आहे. या सायकलींच्या किमती पाहिल्या की कापसाचे भाव आठवून पोटात कालवतं. पण पायथ्याच्या गावातली पोरंपोरी शाळेला सायकलनेच जातात, तीही गोट्यांतून, बिनागिअरच्या. वाटेवर पहिला हक्क त्यांचा, त्यांच्यासाठी शुल्क शून्य, आणि गावाने भाड्याने द्यायला घेतलेल्या सायकली शनिवार-रविवार सोडून त्यांना वापरायला, एवढं लिहून घ्यावं. रोजगाराची मोठाली स्वप्नं मात्र कोणी दाखवू नयेत. कोरकू कुटुंबं कामासाठी स्थलांतर करतात, ते अडीच महिन्यांच्या सायकलींनी थांबणार नाही. चार-सहा पोरांना वाटाड्याचं काम, बचत गटाला जेवणाचे पैसे, गावाच्या खात्यात प्रवेशशुल्क, वाट दुरुस्तीची मजुरी. एवढंच आणि हे काही थोडं नाही.

वनखात्याची भीती अपघाताची असते, आणि ती उगाच नाही. रानात मोबाइलला रेंज नसते. १०८ ची गाडी पांदणीत किती आत येईल ते आधी पाहून ठेवावं लागेल, आणि हाड मोडलेल्या माणसाला तिथपर्यंत कोणी कसं आणायचं हेही. सूर्य उगवून तासभर झाल्यावर वाट उघडायची आणि मावळायच्या तासभर आधी शेवटचा माणूस मोजून बंद करायची. एकट्याला सोडायचं नाही. प्रत्येक सायकलला घंटी, आणि ती वळणावर वाजवायची. गुरांच्या गळ्यात असते तशी सतत वाजणारी असली तर उत्तमच. रात्रीच्या शर्यती, ड्रोन, डीजे यांना मनाई. वाघ, बिबट्या किंवा अस्वल यांचा वावर दिसला की वनरक्षकाचा फोन आणि त्याच क्षणी वाट बंद, पैसे परत.

सुरुवातीला एकच वाट घ्यावी, जेमतेम वीस किलोमीटरची, दोन-तीन गावांची. पहिल्या वर्षी ती एका हिवाळ्यापुरती चालवावी. पावसाळा गेला की ग्रामसभेने स्वतः चालून पाहावं, पाणी कुठे साचलं, कुठे वाट रुंदावली, कोणाच्या धुऱ्यावर चाक गेलं. मग दुसऱ्या वर्षाचा निर्णय. त्यासाठी निधी, उद्घाटक, लोगो यातलं काहीही लागत नाही. लागतो तो ग्रामसभेचा ठराव, ज्यात वाट उघडायच्या तारखेच्या आधी बंद करायची तारीख लिहिलेली असेल. त्याची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जावी, एक तहसीलदाराकडे, आणि एक त्या सायकलवाल्या पोरांच्या हातात, सही घेऊन.